तिसरं कार्ड उताणं होतं

१

सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर धाकटीनं कार्डांचं पाकीट टेबलावर उलगडलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

पाकिटाला चार खण होते. पहिल्या दोन खणांतली कार्डं पालथी होती, म्हणजे लेबल आतल्या बाजूला. चौथं कार्ड अजून कॅमेऱ्यातच होतं. तिसरं मात्र उताणं होतं. लेबल वर, चांगलं ठळक.

या फोटो स्टुडिओचा एक जुना नियम होता. तिच्या मोठ्या दिरानं, थोरल्यानं, तो घालून दिला होता. भरलेलं कार्ड पालथं ठेवायचं, कोरं कार्ड उताणं. लग्नाच्या गर्दीत विचार करायला उसंत नसते. बोटांना आपोआप कळलं पाहिजे.

"हे असं कसं झालं?" धाकटी स्वतःशीच पुटपुटली. तिनं कार्ड संगणकात घातलं. पडदा रिकामा. एकसुद्धा फोटो नाही.

शनिवारच्या लग्नातले दुपारचे सगळे फोटो त्या कार्डावर होते. बागेतले दोन्ही घरांचे ग्रुप, नवरा-नवरी, आणि नवरीची आजी. चाकांच्या खुर्चीतून आलेली, वर्षभरानं पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. काम ठरवतानाच नवरीच्या आईनं सांगितलं होतं, "बाकी कमीजास्त झालं तर मी काही बोलणार नाही. पण आमच्या आजीचे फोटो हवेत." ती बाई गुरुवारी फोटो बघायला येणार होती.

थोरला आला. मागोमाग त्याची बायको, थोरली. मग धाकटीचा नवरा, धाकटा. चौघंही त्या रिकाम्या पडद्याकडे बघत उभे राहिले.

"परत बघ," थोरला म्हणाला.

"तीनदा बघितलं, दादा."

"अगं, माहेरची सवय ती," धाकटा मायेनं म्हणाला आणि त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या बाबांच्या स्टुडिओत उलटं होतं ना? भरलेलं उताणं ठेवायचे. घाईत हात जुन्या वळणावर गेला असेल. मग कोरं समजून फॉरमॅट करून पुसून टाकलंस. होतं असं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं!"

"तीन वर्षं झाली तरी माहेर काही सुटत नाही," थोरली नाक मुरडत म्हणाली.

"मी पालथंच ठेवलं होतं," धाकटी म्हणाली. पण बोलता बोलताच तिचा आवाज खाली आला. ठेवलं होतं ना? सवयीनं केलेलं काम आठवत थोडंच असतं!

थोरल्यानं कार्ड उचललं. "दुरुस्तीवाल्याकडे पाठवतो. पुसलेलं परत मिळतं म्हणतात."

"काही मिळत नाही रे दादा. उगाच सगळ्यांना आशा लावायची," धाकटा म्हणाला.

"तरी पाठवतो." थोरला धाकटीकडे वळला. तो कधी आवाज चढवत नसे, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागे. "हे बघ, बाई. पाटीवर नाव घराचं आहे. गुरुवारपर्यंत याचा उलगडा झाला नाही, तर लग्नाची कामं पुन्हा धाकट्याकडे. येत्या शनिवारचंही. तू आत स्टुडिओत बस."

धाकटीनं मान हलवली. तीन वर्षांत कमावलेलं सगळं एका वाक्यात गेलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक हलका आवाज आला. इतका हलका की सगळ्यांना माना वळवून ऐकावं लागलं.

"मला जरा ते पाकीट बघू द्या."

२

ती आत्या होती. दोघा भावांच्या वडिलांची बहीण. चाळीस वर्षं तिनं याच दुकानात खिडकीपाशी बसून, केसाएवढ्या कुंचल्यानं, निगेटिव्हवरचे डाग भरले होते. गावभरच्या चेहऱ्यांवरचे फोड, ओरखडे, सुरकुत्या तिनं पाहिल्या, झाकल्या आणि कुणाबद्दल चकार शब्द काढला नाही. आता निगेटिव्ह नव्हती, पण आत्याची खुर्ची होती. ती रोज येऊन बसे.

तिनं पाकीट हातात घेतलं, उजेडात धरलं, मिटलं. मग थोरला-थोरली आत गेल्यावर, आणि धाकटा कार्ड घेऊन दुरुस्तीवाल्याकडे नाइलाजानं निघाल्यावर, तिनं धाकटीला जवळ बसवलं.

"रडू नकोस. आधी मला आकडे सांग. कॅमेरा प्रत्येक फोटोला नंबर देतो ना?"

"हो. ओळीनं."

"दुसरं कार्ड कुठल्या नंबराला संपलं?"

धाकटीनं पाहिलं. "पाच हजार एकशे वीस."

"आणि चौथं कुठून सुरू झालं?"

"पाच हजार सहाशे बाहत्तर."

"म्हणजे मधले साडेपाचशे फोटो तू काढलेस, ते तिसऱ्यावर होते, आणि ते भरल्यावर तू लगेच चौथं घातलंस. इथवर चूक नाही." आत्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. "आता मला सांग. एखादीनं भरलेलं कार्ड चुकून कोरं समजलं, तर ती ते फॉरमॅट कशाला करेल?"

"नवे फोटो काढायला."

"मग ते नवे फोटो कुठं आहेत?"

धाकटीनं पाकिटातल्या तिसऱ्या, रिकाम्या खणाकडे पाहिलं.

"चुकून पुसलेल्या कार्डावर नवे फोटो असतात, बाळ. हे पुसलं आणि तसंच ठेवून दिलं. ज्यानं पुसलं त्याला ते वापरायचं नव्हतं."

"म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस."

धाकटीला रडू फुटलं, पण हे रडू निराळं होतं. आत्यानं तिला रडू दिलं. मग तितक्याच हळू आवाजात ती म्हणाली, "एवढ्यावर संपत नाही. कार्ड उताणं ठेवलं ते तुझ्यासाठी. संध्याकाळी चौथं भरलं असतं, तर तू उताणं दिसलेलं तेच उचललं असतंस. त्यावर फोटो काढले असतेस. मग आजीचे फोटो कायमचे गेले असते, आणि तू जन्मभर स्वतःलाच दोष देत बसली असतीस. चौथं कार्ड पुरलं, एवढाच काय तो देवाचा हात."

"असं कोण करेल, आत्याबाई?"

"तू कुणाकुणाच्या डोळ्यांत खुपतेस," आत्या म्हणाली, "ते आता बघायचं."

३

बॅग धाकटीच्या हातून दोनदाच सुटली होती. शनिवारी दोन ते तीन, जेवणाच्या वेळी, ती हॉलमागच्या खोलीत होती. तिथं समोरच्या रस्त्यावरचा फोटोग्राफर बसला होता. सगळे त्याला टोपी म्हणत. नवऱ्यामुलाकडचा पाहुणा म्हणून आला होता. धाकटाही बॅटरी बदलायला तिथं येऊन गेला होता. दुसऱ्यांदा रविवारी. दुकान बंद, बॅग कपाटात, आणि कपाटाची किल्ली थोरलीकडे.

"अजून एक," आत्यानं विचारलं. "कार्ड कोरं केलं की पहिला फोटो तळहाताचा. हा आपल्या घरचा रिवाज. त्या उजेडात कातडीचा रंग कसा येतो ते कळतं. तू तसंच करतेस?"

धाकटी घुटमळली. "नाही. मी तळहाताचा नाही काढत."

"मग?"

"एखाद्या चेहऱ्याचा काढते," असं म्हणून ती उगाच बॅगेचे पट्टे आवळू लागली. आत्यानं पुढं विचारलं नाही.

थोरली आत खिडकीपाशी एका बाईचा फोटो काढत होती. पांढरा पातळ पडदा ओढलेला, बाई खिडकीला तिरकी बसवलेली, दुसऱ्या गालावर उजेड फिरवायला पांढरा पुठ्ठा. तिचा कॅमेरा तिवईवर असे आणि तारेनं थेट संगणकाला जोडलेला. कार्डाची भानगडच नाही.

बाई गेल्यावर आत्या म्हणाली, "छान बसवलंस तिला."

"बसवते तर! पण बघतंय कोण?" थोरलीनं पुठ्ठा भिंतीला टेकवला. "आत्याबाई, मला माहितीय तुम्ही कशाला आलात. विचारा सरळ. जळते का मी तिच्यावर? जळते. अगदी आतून जळते."

"का गं?"

"लोक आता शहाणे झालेत. म्हणतात, निवडक दहा फोटो नकोत, एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे दाखवा. कुठलाही फोटोग्राफर दहा चांगले काढतोच म्हणे! त्या नवरीच्या आईला मी जुनं एक माझं लग्नकाम दाखवलं, एक हिचं. पाचव्या मिनिटाला बाईनं हिच्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'या स्वतः येतील ना? की नाव यांचं आणि येणार दुसरंच कुणी?' माझ्या तोंडावर! मी बारा वर्षं या घरात उजेड वाचतेय."

"मग कार्ड तू पुसलंस?"

थोरली हसली. "मी? अहो, शनिवारी बारा वाजता भर उन्हात ग्रुप काढलेत तिनं. रात्री हिनंच सांगितलं. म्हणजे डोळ्यांखाली काळे खड्डे, नाकाखाली सावल्या येणारच. मी सोमवारची वाट बघत होते. एकेक फोटो उघडून आमच्या ह्यांच्यासमोर चुका दाखवणार होते तिच्या. मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती." तिनं हात झटकले. "फोटोच नसतील तर चुका कुठं दाखवू? ज्यानं पुसलं त्यानं माझा सोमवार खाल्ला!"

आत्याला हसू आलं, तिनं ते पदरात लपवलं. हे खोटं असणं शक्य नव्हतं. इतका प्रामाणिक हेवा कुणाला रचता येत नाही.

४

टोपीचा स्टुडिओ अरुंद होता आणि तो स्वतः ऐसपैस. आत्याला बघून त्यानं टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी घातली.

"या, या. माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? बसा. संशय बसूनच घ्यावा."

"शनिवारी त्या खोलीत तू होतास."

"होतो. जेवण जास्त झालं होतं, पाय पसरून बसलो होतो. तुमच्या सूनबाईंची बॅग समोरच. खरं सांगू? हात शिवशिवले माझे."

"पुसायला?"

"बघायला हो!" टोपी पुढं वाकला. "त्या हॉलमध्ये लाल-निळे दिवे. माझ्या फोटोत माणसं वांग्यासारखी दिसतात. हिच्या फोटोत माणसासारखी. कशी? ते कळावं म्हणून मी दिवसभर तिच्यामागं चोरासारखा फिरलो. पाहुणा कसला, विद्यार्थी! मग दिसलं. ती माणसांना दिव्यांपासून दोन पावलं बाजूला घेते, दाराजवळ, जिथं बाहेरचा पांढरा उजेड येतो. एवढंच! दोन पावलं! आणि मी वीस वर्षं दिव्यांखाली उभा." त्यानं छातीवर हात मारला. "रात्रभर पोटात दुखलं माझ्या. जेवणानं नव्हे."

"तुझी भरलेली कार्डं तू कुठं ठेवतोस?"

टोपीनं खिशातून पत्र्याची लहानशी डबी काढून खुळखुळवली. "यात. भरलं की डबीत, कोरं की खिशात. का?"

"उताणं-पालथं काही करत नाहीस?"

"कार्डं आहेत की भाकरी आहेत ती? उलटायची कशाला?"

आत्या उठली. ज्याला पाकिटाची ती खूण माहीतच नाही, तो कार्ड मुद्दाम उताणं ठेवणार नाही. ती दाराशी गेली तेव्हा टोपी मागून म्हणाला, "एक सांगू? त्या खोलीत मी डोळे मिटून पडलो होतो. कॅमेऱ्याचा एक खटका ऐकला. एकच. मला वाटलं, रिकाम्या खोलीत फोटो कशाचा काढतंय कुणी?"

आत्या वळली. "डोळे उघडलेस?"

"उघडले. पण तोवर पाठच दिसली."

"कुणाची?"

टोपीनं पहिल्यांदाच नजर चुकवली. "पाठीवरून माणूस सांगू नये, बाई. मी शेजारी आहे, मला इथंच राहायचंय."

५

मंगळवारी दुपारी आत्या धाकट्याच्या संगणकापाशी बसली. नवऱ्यामुलाकडचे शनिवारचे फोटो त्यानं काढले होते. दीड हजार होते. आत्या फोटो बघतच नव्हती. ती खालचे आकडे बघत होती, एकेक, जशी निगेटिव्हवरचे डाग बघायची तशी.

तीन हजार दोनशे नव्वद: मुलाचे काका, हातात ताट. दोन वाजून दहा मिनिटं.

पुढचा, तीन हजार दोनशे ब्याण्णव: मुलाचे मित्र, हात धुताना. दोन वाजून चाळीस मिनिटं.

मधला एक्क्याण्णव नव्हता.

या घरात कॅमेऱ्यात कधी काही पुसत नसत. छोट्या पडद्यावर चांगला फोटोही वाईट दिसतो, म्हणून जे काही निवडायचं ते घरी, मोठ्या पडद्यावर. हाही थोरल्याचाच नियम. दीड हजारांत दुसरा एकही आकडा सुटलेला नव्हता.

धाकटा चहाचा कप घेऊन आत आला. "काय गं आत्या, तूही शिकतेस की काय आता?"

"शिकतेय. बस जरा. तुला एक विचारू? राग नको मानू."

"तुझा राग कोण मानेल!"

"बायकोचा हेवा वाटतो का रे कधी?"

धाकटा मोकळं हसला. "मला कसला हेवा? माझीच बायको. तिचं नाव झालं म्हणजे माझंच झालं की. उन्हात उजेड परतवायचा रिफ्लेक्टर मीच धरतो तिच्यासाठी. आनंदानं धरतो. लोक विचारतात, 'वहिनी येणार ना?' मी म्हणतो, येणार, येणार!"

उत्तर झटकन आलं, गुळगुळीत आलं. गेल्या दोन दिवसांत आत्याला भेटलेला प्रत्येक माणूस जळत होता आणि तसं सांगत होता. हा एकटाच गार होता.

"हा एक आकडा सुटलाय रे."

धाकट्यानं पडद्याकडे पाहिलं. "चुकून बोट लागलं असेल. पुसला गेला."

"या घरात?"

धाकट्यानं कप खाली ठेवला. त्यानं लेन्स उचलली आणि फडक्यानं पुसायला घेतली. लेन्स स्वच्छ होती. तो पुसत राहिला.

आत्या बाहेर आली आणि तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"कोऱ्या केलेल्या कार्डावर एखादा नवा फोटो काढला, तर तो कुठं बसतो हो?"

"पहिल्या जागेवर, मावशी. जुना जो पहिला होता, त्याच्या डोक्यावर."

"आणि तो नवाही पुसला तर?"

"तर मला तो नवा मिळेल. त्याच्याखालचा जुना कुणालाच मिळणार नाही."

आत्यानं फोन ठेवला. पुष्कळ वेळ ती खुर्चीत डोळे मिटून बसून होती. ओठ हलत होते. देवाजवळ ती काय मागत होती ते तिचं तिला ठाऊक. आपलं उत्तर चुकावं, एवढं तरी त्यात नक्की असावं.

६

बुधवारी दुरुस्तीवाल्याकडून पुडकं आलं. त्यानं मिळालेलं सगळं एका डिस्कवर भरून दिलं होतं. थोरला, थोरली, धाकटा, धाकटी संगणकाभोवती उभे राहिले. आत्या बसून होती.

"उघडण्याआधी सांगते," ती म्हणाली. "साडेपाचशे फोटो येतील. आजी येईल, ग्रुप येतील. फक्त एक येणार नाही. सगळ्यात पहिला."

"हे तुला कसं ठाऊक?" थोरल्यानं विचारलं.

"आधी ऐका. कार्ड चुकून पुसलं गेलेलं नाही. चुकून पुसलं असतं तर त्यावर नवे फोटो असते. बाहेरच्यानंही पुसलेलं नाही. त्यानं ते उताणं ठेवलं नसतं. थोरलीनं पुसलेलं नाही; तिला ते फोटो सगळ्यांपेक्षा जास्त हवे होते."

"हो, हवे होते," थोरली खाली मान घालून म्हणाली.

"ज्यानं पुसलं त्याचा हात या घरात वळण घेतलेला आहे. कार्ड कोरं केलं की आपलं बोट आपोआप खटका दाबतं. पहिला फोटो तळहाताचा. विचार करायच्या आत. त्यानंही दाबला. मग भानावर येऊन तो एक फोटो पुसला. कार्ड कोरं झालं, पण त्याच्या कॅमेऱ्याचा एक आकडा खर्ची पडला." आत्या थांबली. "तीन हजार दोनशे एक्क्याण्णव."

थोरल्यानं डिस्क उघडली.

पडदाभर तळहात आला. मागं हिरवी अंधुक बाग, खिडकीची चौकट. खाली आकडा होता: तीन, दोन, नऊ, एक.

आकडा वाचायची धाकटीला गरज पडली नाही. तो हात तिच्या ओळखीचा होता.

"अहो," ती म्हणाली, "हा तुमचा हात आहे."

थोरलीनं नकळत धाकटीचा दंड धरला.

"ती म्हातारी," धाकटा शेवटी म्हणाला. "मी रिफ्लेक्टर धरून उभा होतो. पंचवीस मिनिटं. हात भरून आले होते. ही तिच्यासमोर गवतात गुडघे टेकून बसली, डोळ्यांना डोळे लावून. वयस्कर माणसांचे फोटो असेच काढतात, हे हिला मी सांगितलंय, मी! आणि म्हातारी मला म्हणाली, 'बाबा, जरा बाजूला हो. ती मला दिसत नाहीये.'" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "सगळे हसले. हीसुद्धा."

"मी हसले?" धाकटी म्हणाली.

"हसलीस. मला वाटलं, एकदा, एकदाच, लोकांनी म्हणावं की हिच्यापेक्षा तो बरा होता."

"आणि मला म्हणालात, माहेरची सवय." धाकटीचा आवाज चढला नाही. "सोमवारी मी माझ्याच हातांकडे संशयानं बघितलं. बाबांना दोष दिला मनातल्या मनात. ज्यांनी मला शिकवलं त्यांना!"

"चुकलं माझं."

"पहिला फोटो कुठला होता गं त्या कार्डावर?" थोरल्यानं विचारलं. "जो गेला तो?"

धाकटी पुढं झाली. तिनं माऊस हातात घेतला आणि स्वतःच्या फोटोंतलं एक फोल्डर उघडलं. पडद्यावर एकेक चेहरा येऊ लागला. धाकटा उन्हात डोळे बारीक केलेला. धाकटा हॉलच्या दारात. धाकटा झाडाखाली, रिफ्लेक्टरच्या मागून फक्त कपाळ दिसणारा. धाकटा हसताना, जांभई देताना, कुणालातरी ओरडताना. दोनशेच्या वर.

"कार्ड बदललं की उजेडाचा अंदाज घ्यायला मी यांचा चेहरा घेते," ती म्हणाली. "लोकांना देत नाही. माझ्यासाठी ठेवते. शनिवारचाही यांचाच होता. त्याच बागेत, ती आजी यायच्या आधी."

धाकटा पडद्याकडे बघत राहिला. दोनशे वेळा कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट पाहिलं, आणि आपल्याला पत्ता नाही. तो खुर्ची न शोधता जमिनीवरच खाली बसला.

७

गुरुवारी नवरीची आई आली. आजीच्या फोटोपाशी ती फार वेळ थांबली. आजी सरळ समोर बघत होती, एखाद्या बरोबरीच्या मैत्रिणीकडे बघावं तशी. "या फोटोसाठीच तुम्हाला निवडलं होतं," ती धाकटीला म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

ती जाताच थोरलीनं खुर्ची पुढं ओढली. "आता हे ग्रुप उघड. बघ, इथं नाकाची सावली ओठावर आलीय. आणि या मुलाचे डोळे? बारा वाजता उघड्यावर कुणी उभं करतं का? झाडाच्या सावलीच्या कडेला घ्यायचं होतंस."

"हो, ताई. चुकलंच."

"इथंही."

"तिथंही."

"मग पुढच्या वेळी मला विचार." थोरली इतकी खूश झाली की तिनं चहासुद्धा स्वतः केला.

थोरल्यानं शनिवारचं काम धाकटीच्या नावावर लिहिलं, आणि त्यापुढची सगळीही. भावाला तो एवढंच म्हणाला, "तू तूर्त आतल्या खोलीत बस." धाकट्यानं वाद घातला नाही. आत्यानं कुणालाही काही सांगितलं नाही. बाहेरच्या कुणी विचारलं तर 'कार्ड बिघडलं होतं' असं तिनं शांतपणे सांगितलं असतं, आणि मग त्या खोट्याबद्दल देवाची क्षमा मागितली असती.

शनिवारी सकाळी धाकटीनं बॅग भरली. धाकटा दारात उभा होता, रिफ्लेक्टरची गोल पिशवी काखेत घेऊन. तीन दिवस दोघं कामापुरतंच बोलले होते.

"मी येऊ?"

"नको."

"उन्हाचं काम आहे आज. हे कोण धरेल?"

तिनं बॅग खांद्यावर घेतली, पट्टा नीट केला.

"एखादी पांढरी भिंत बघेन," ती म्हणाली. "तिच्यासमोर उभं करीन माणसांना. भिंतीवरूनही उजेड येतो."

आणि तो बाजूला होईपर्यंत ती थांबली, मग पायऱ्या उतरून गेली.